मातीच्या नकाशातली बारा घरं

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला कुणाला काही पटवून द्यायचं नाही. जे झालं ते झालं तसं सांगते. यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

आणि हो, यात मध्यरात्र नाही. अमावस्या नाही. हे सगळं भर दुपारी घडलं, तीन ते साडेतीनच्या मधे, गेल्या मार्चमधल्या एका मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं.

मी एका संग्रहालयात चित्रं काढायचं काम करते. दुसरा मजला, कॉरिडॉरच्या अगदी टोकाची खोली. जुनं भांडं, जुनी मूर्ती, जुनी पाटी समोर ठेवायची आणि रेषेला रेषा लावून कागदावर उतरवायची. लोक विचारतात, "फोटो असताना चित्र कशाला?" फोटोला कळत नाही हो, कुठली रेघ माणसाने मारली आणि कुठली नुसती तडा गेल्यामुळे पडली. ते डोळ्यालाच कळतं.

त्या मंगळवारी माझ्या टेबलावर एक मातीची पाटी आली. तळहातापेक्षा थोडी मोठी. साडेतीन हजार वर्षं जुनी.

तिच्यावर नकाशा होता.

एका शहराचा. दोन समांतर रेघा म्हणजे नदी. तिच्यातून निघालेला कालवा. भोवती तटाची भिंत, भिंतीला सात दरवाजे. प्रत्येक दरवाज्यापाशी टोकदार काडीने टोचलेली बारीक अक्षरं. आणि आत घरं, म्हणजे नखाएवढे चौकोन.

इतके जुने नकाशे वाट दाखवण्यासाठी नसतात. हे शेत कुणाचं, हे पाणी कुणाचं, भिंतीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे एकदाचं ठरवून टाकण्यासाठी ते काढलेले असतात. म्हणूनच त्यात काय दाखवलंय यापेक्षा काय दाखवलेलं नाही, हे मी आधी बघते.

या नकाशात कालवा आणि भिंत यांच्या मधे एक मोकळी जागा होती. गुळगुळीत.

साठ वर्षांपूर्वी कुणीतरी याच पाटीचं चित्र काढून ठेवलं होतं. त्यात त्या जागी ठिपके देऊन लिहिलं होतं, 'झिजलेला भाग'.

मी दिवा डावीकडे अगदी खाली आणला. आडवा उजेड पडला की मातीतला खोटेपणा लपत नाही.

भिंग लावलं.

आणि...

ती झीज नव्हती. माती ओली असताना कुणीतरी तिथे अंगठा फिरवला होता. दाबून, सावकाश. अंगठ्याच्या रेषा कडेला स्पष्ट उमटल्या होत्या. त्या रेषांवरून एक तिरपा व्रण गेला होता.

आणि अंगठ्याखाली चौकोन होते. अगदी पुसट, पण होते.

बारा घरं.

आधी काढलेली. मग पुसलेली.

पाट्यांवरची लिपी वाचणाऱ्या आमच्या एक प्राध्यापक आहेत. सगळे त्यांना लिपीबाई म्हणतात. मी लगेच त्यांना फोन लावला.

"त्या मोकळ्या जागेच्या कडेला दोन चिन्हं आहेत बघ," त्या म्हणाल्या. "मी वाचलीत ती. 'कोणी नाही.' म्हणजे रिकामी जागा."

"रिकामी नाहीये बाई. खाली घरं आहेत. मी काढतेय ती."

"उगाच फाटे फोडू नकोस. या पाट्यांचं पुस्तक छापायला जायचंय. ठिपके दे आणि मोकळी हो."

मला कुणी 'नको' म्हटलं की मी ते हमखास करते. लहानपणापासूनची खोड आहे. मी ट्रेसिंग पेपर लावला आणि पेन्सिलीने पहिलं घर काढलं. दुसरं काढलं. तिसरं.

तेव्हा बाहेर पावलं वाजली.

कॉरिडॉरच्या त्या टोकापासून. सावकाश. एकसारखी. माणूस चालताना कधी पटकन पाय टाकतो, कधी रेंगाळतो. ही पावलं तशी नव्हती. घड्याळाच्या ठोक्यांसारखी पडत होती.

ठप्... ठप्... ठप्...

माझ्या दाराशी आली.

थांबली.

"कोण आहे?" मी विचारलं.

 मी उठून दार उघडलं.

कॉरिडॉर रिकामा.

फक्त एक वास होता... ओल्या मातीचा. नुकत्याच मळलेल्या. दुसऱ्या मजल्यावर, मार्च महिन्यात.

बुधवारी सकाळी खोली उघडली, तर ट्रेसिंग पेपरवरची तिन्ही घरं गेली होती. खोडरबराने खोडलं की चुरा राहतो, कागद खरबरीत होतो. इथे तसं काही नव्हतं. पेन्सिलीची काळी भुकटी एकाच दिशेने ओढली गेली होती. दाबून, सावकाश.

खरं सांगते, घाबरण्याआधी मला राग आला. माझ्या कामाला हात लावलेला मला खपत नाही. मी पुन्हा काढायला बसले. तीनच्या जागी पाच घरं काढली.

अकराचा चहा आला नाही.

म्हटलं, विसरले असतील. कामाच्या नादात माझंही दुर्लक्ष झालं. दुपारचाही आला नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी पावलं आली, दाराशी थांबली, आणि या वेळी मी उठलेच नाही. "मला काम आहे," एवढंच मोठ्याने म्हटलं. आवाज थोडा कापला असेल. पण म्हटलं.

साडेपाचला आवरून निघाले, तर मजल्याच्या जिन्याचं जाळीचं दार बाहेरून बंद!

आमचे रखवालदार वक्तशीर. त्यांना आम्ही घड्याळकाका म्हणतो. सगळ्या खोल्या तपासल्याशिवाय ते कुलूप घालत नाहीत. मी मोबाइलवरून त्यांना फोन लावला.

"काका, मी वर अडकलेय. कुलूप उघडा."

"कोण बोलतंय?"

"अहो मी! चित्रवाली ताई."



"...कोण ताई?"

 नऊ वर्षं हा माणूस रोज सकाळी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो.

ते वर आले. जाळीतून माझ्याकडे बघत राहिले. परक्या माणसाकडे बघावं तसं. मग हळूहळू चेहरा सैल झाला.

"अरे... ताई! तुम्ही होय. माफ करा हं. मला वाटलं, त्या टोकाला कोणी नाही."

कोणी नाही.

त्यांनी हेच शब्द वापरले.

मी मागे वळून बघितलं. जिन्याशेजारी भिंतीवर काचेच्या चौकटीत मजल्याचा नकाशा लावलेला आहे. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं ते दाखवणारा. भांडार, ग्रंथालय, स्वच्छतागृह, जिना. सगळं होतं.

आणि कॉरिडॉरच्या टोकाला...

माझी खोली नव्हती.

तिथे कागद नुसता पांढरा होता. काचेच्या आत. काच तशीच बंद, चारही स्क्रूंवर वर्षानुवर्षांचा गंज. पांढऱ्या जागेच्या कडेला एक अंगठा उमटला होता.

त्याच्यावर तिरपा व्रण.

घरी मी आणि बाबा, दोघंच असतो. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा निवृत्त मोजणीदार. चाळीस वर्षं त्यांनी जमिनी मोजल्या आणि नकाशे काढले. अजूनही खोलीत शिरले की आधी लांबी-रुंदी सांगतात, मग कसे आहात विचारतात.

जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. म्हणतील, जरा रजा घे.

त्यांचा घास हातातच राहिला.

"त्या जागेवर काय लिहिलंय म्हणालीस?"

"कोणी नाही."

"आमच्याकडे त्याला 'निरंक' म्हणायचे," बाबा म्हणाले. आणि ताट बाजूला सारलं.

  मग भिंतीकडे बघत बोलायला लागले.

"तू तेव्हा शाळेत होतीस. एका तलावाच्या कडेची जमीन मोजायला मला पाठवलं होतं. तिथे नऊ घरं होती. मी मोजली, काढली, नकाशा वर पाठवला. तो परत आला. साहेब म्हणाले, घरं काढून टाका, जागा निरंक दाखवा. मी म्हटलं, साहेब, माणसं राहतात तिथे. ते म्हणाले, नकाशात नसली की नाही राहत."

"मग?"

"मग काय? रबर घेतला."

मी बाबांकडे बघतच राहिले. आयुष्यभर मी ज्यांच्या सरळपणाचे गोडवे गायले, ते माझे बाबा.

"पुढे त्यांना उठवलं तेव्हा ती माणसं कागद घेऊन कचेरीत आली. पण नकाशात घरंच नव्हती ना. मग उठवलं कुणाला? नवी जागा द्यायची कुणाला? त्यातल्या एका बाईने मला ओळखलं. म्हणाली, तुम्ही आमच्या ओट्यावर बसून पाणी प्यायला होतात. मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय बाई."

बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"उद्या मी तुझ्याबरोबर येतो."

"बाबा, नको. काही झालं म्हणजे?"

"होऊ दे. त्याला एवढी लाज वाटत असेल ना पोरी, तर त्याने पुसायचंच नव्हतं. मला कळतंय तो कोण आहे. माझ्यासारखाच, आधी घरं मोजून मग पुसणारा."

गुरुवारी पावणेतीनला आम्ही दोघं खोलीत बसलो होतो. पाच घरं पुन्हा पुसलेली होती, ते वेगळं सांगायला नको. मी बाराच्या बारा घरं पेन्सिलीने भराभर काढून घेतली. बाबा शेजारच्या स्टुलावर. दिवा डावीकडे. दार आतून बंद, कडी लावलेली.

तीन वाजून दहा मिनिटं.

वास आला. ओली माती.

मग पावलं...

बाबा कान देऊन ऐकत होते. त्यांचे ओठ हलत होते.

"मोजतोय तो," ते हळूच म्हणाले. "जमीन मोजायची साखळी नसली की आम्हीही असंच मोजायचो. पाऊल ठरलेलं असतं. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही."

पावलं दाराशी आली. थांबली.

रोज इथेच थांबायची.

त्या दिवशी मात्र...

ठप्.

आवाज खोलीच्या आत झाला. कडी तशीच लावलेली.

ठप्. ठप्.

टेबलापाशी.

कोणी नव्हतं. शपथेवर सांगते, माझ्या आणि खिडकीच्या मधे कोणीही नव्हतं. पण दिव्याच्या उजेडात ट्रेसिंग पेपर एका जागी खाली दबला. वरून कुणी अंगठा टेकवावा तसा खळगा पडला. आणि तो खळगा सरकायला लागला. दाबून, सावकाश. पहिल्या घराची रेघ माझ्या डोळ्यांदेखत फिकट झाली... पसरली... गेली.



तेवढ्यात बाबांनी हात आपटला. उजव्या हाताचा पंजा, सरळ त्या घरांवर.

"बास!" ते ओरडले. "पुरे झालं! मी पण पुसलंय. मला शिकवू नकोस!"

मग माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलीस? पेन्सिल ठेव. शाई घे!"

मी पेन उचललं.  बाबांनी पंजा थोडा मागे घेतला, एक घर उघडं केलं. मी ते शाईने काढलं.

"हे सुताराचं," बाबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही ते काय बोलताहेत. त्यांनी पंजा आणखी मागे घेतला. मी दुसरं घर काढलं.

"हे दोघी जुळ्या बहिणींचं. दाराला हिरवा रंग होता."

तिसरं.

"हे होडीवाल्याचं. कुत्रा अंगावर यायचा."

तेव्हा मला कळलं. बाबा त्यांची तलावाकाठची घरं मोजत होते. एवढ्या वर्षांनंतर. एकही विसरले नव्हते.

खोलीत आता श्वास घेता येत नव्हता. मातीचा वास घशात बसला होता. बाबांचा पंजा टेबलात रुतल्यासारखा दिसत होता, बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती. कुणीतरी वरून सगळं वजन टाकत होतं. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण हात हलला नाही.

"सहावं, मास्तरांचं... सातवं, त्या बाईचं. तिच्याच ओट्यावर मी पाणी प्यायलो. हो, प्यायलो! ऐकतोयस ना? प्यायलो!"

आठ.

नऊ.

"माझी संपली," बाबा धापा टाकत म्हणाले. "नऊच होती. पुढची तू मोज."

"दहा!" मी ओरडले. "अकरा!"

दिव्याचा उजेड लाल झाला. माझ्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला... गार, ओलसर. एकदाच.

मला तेव्हा काय झालं माहीत नाही. भीती अंगातून निघूनच गेली. मी त्या आवाजाकडे तोंड वळवलं आणि सांगितलं, "तू पुसत राहा. मी काढत राहीन. बघू कोण आधी दमतं."

आणि बारावं घर काढलं.

सगळं थांबलं.

वास गेला. दिवा पांढरा झाला. पावलं परत जाताना ऐकू आली नाहीत. काहीच ऐकू आलं नाही. फक्त खाली रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचा आवाज.

कागदावर बारा घरं होती. काळीभोर.

बाबांनी हात उचलला, उलटा केला आणि माझ्यासमोर धरला.

उजव्या अंगठ्यावर एकही रेघ नव्हती.

कातडी गुळगुळीत. काचेसारखी. भाजलेली नाही, सोललेली नाही. दुखतही नव्हती. नुसती पुसलेली.

नंतर आम्ही डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वयाने होतं असं. मी विचारलं, एकाच बोटाला? एका दुपारीत? ते म्हणाले, मलम लिहून देतो.

शुक्रवारी लिपीबाई आल्या.  मी पाटी पुढे केली, दिवा खाली आणला, भिंग त्यांच्या हातात दिलं. त्या वाकल्या. पाच मिनिटं वाकलेल्याच होत्या.

"बारा," शेवटी म्हणाल्या.

"आधी म्हणाला होतात, ठिपके दे."

"म्हणाले होते. आता म्हणतेय, बारा छापू. आणि वाद घालायचा तो माझ्याशी घालू दे लोकांना."

पुस्तक छापून आलंय. कुठल्याही प्रतीत बघा, घरं आहेत. जिन्याजवळच्या चौकटीचे स्क्रू मी स्वतः काढले आणि मजल्याच्या नकाशात माझी खोली मार्करने काढून टाकली. म्हणजे काढून ठेवली! बाजूला ठळक लिहिलं, 'इथे माणूस बसतो.' संग्रहालयाच्या साहेबांनी मेमो दिला. मी तो फाइलला लावला.

चहा येतो आता. दोन्ही वेळेला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पण त्यानंतरच्या आठवड्यात बाबांनी तलावाकाठच्या नऊ घरांचा नकाशा आठवणीतून काढला. कुठल्या घरात कोण राहायचं ते लिहिलं. खाली लिहिलं, 'ही घरं मी स्वतः मोजली होती आणि मी स्वतः नकाशातून काढली.' सही केली आणि जुन्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. शिक्का मारलेली पोच घेऊन आले. त्या रात्री ते किती तरी वर्षांनी गाढ झोपले.

महिन्याने चौकशीला गेले. तिथल्या कारकुनाने सगळी रजिस्टरं पाहिली.

"आजोबा, असा अर्ज आलेलाच नाही."

घरी येऊन आम्ही पोच काढली. कागद होता. शिक्का जिथे होता...

तिथे कागद गुळगुळीत होता.

मी तो कागद खिडकीशी नेऊन उलटसुलट करून बघितला. बाबा मात्र हसले. खरंच हसले. म्हणाले, "माझ्याकडे वेळच वेळ आहे." त्याच दिवशी त्यांनी आणखी सहा प्रती काढल्या, सगळ्या शाईने. दर सोमवारी एक घेऊन जातात. आतापर्यंत चार दिल्या. चारही सापडत नाहीत. पाचवी उद्या द्यायची आहे. मी रजा टाकलीय, बरोबर जाणार आहे.

का जाणार आहे, ते सांगते. हे सगळं लिहूनही त्यासाठीच काढलं.

परवा समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी दार वाजवून आल्या. अकरा वर्षांचा शेजार. बाबांनी त्यांच्या मुलीला भूमिती शिकवलीय. दारात उभ्या राहून सहज म्हणाल्या, "एकट्याच राहता ना तुम्ही, म्हणून म्हटलं विचारावं... काही लागलं तर सांगा हं."

"एकटी नाही," मी म्हटलं. जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. "माझे वडील असतात इथे. आतल्या खोलीत बसलेत. हे माझ्या वडिलांचं घर आहे."

वहिनी गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या.

मी तिथूनच आत हाक मारली, "बाबा!"

ओ आली.

जरा उशिराने आली. पण आली.